‘आता आपण प्रार्थना करू या’ असे म्हणणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय पाळकहो, वडीलजनहो आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

प्रार्थनेचे महत्त्व पटवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ते तुम्हाला पटलेलेच आहे, म्हणून तर दर आठवड्याला तुम्ही लोकांपुढे उभे राहता. आमचे म्हणणे एवढेच आहे की मंडळी प्रार्थना करायला प्रवचनातून फारशी शिकत नाही. ती शिकते तुमच्या मोठ्याने केलेल्या प्रार्थनेतून. तुम्ही डोळे मिटून जे शब्द वापरता तेच शब्द काही महिन्यांनी नवा विश्वासी आपल्या घरी वापरू लागतो. तुमचा हेल उचलतो, तुम्ही जिथे श्वास घेता तिथे श्वास घेतो. तुमची प्रार्थना खरी असेल तर त्यालाही खरे बोलायची मुभा मिळते. ती सवयीने घोळलेली असेल तर तो तेच घोळत राहतो, आणि मग एखाद्या दिवशी त्याच्यावर असा प्रसंग येतो की पाठ झालेले एकही वाक्य तिथे बसत नाही. त्या दिवशी तो गप्प होतो. कित्येक जण पुढे बोलतच नाहीत.

एक नमुना समोर ठेवू. कोणत्याही प्रार्थनासभेत शोभेल असा आहे.

“हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो, प्रभू, की या संध्याकाळी तू आम्हाला एकत्र आणलेस, प्रभू. आणि प्रभू, तू जाणतोस की आज पुष्कळ जण आलेले नाहीत, त्यांना तुझ्या भवनाची ओढ लाव. आणि येत्या रविवारी उपासनेनंतर जी सभा आहे, प्रभू, तिला सर्वांनी वेळेवर हजर राहावे म्हणून तू त्यांच्या मनात बोल. आणि आमच्या एका बहिणीच्या घरात सध्या जे चालले आहे ते तू जाणतोस, प्रभू…”

शांतपणे पुन्हा वाचा. दुसरे वाक्य न आलेल्यांवरचा राग आहे आणि तो आलेल्यांना ऐकवलेला आहे. तिसरे वाक्य सूचना आहे. ती फलकावर लावायची. चौथे वाक्य उच्चारले जाताच मिटलेल्या डोळ्यांआड प्रत्येक जण एकच विचार करू लागतो: कोण बरे ही बहीण? तिच्या संमतीशिवाय तिचे दुखणे सभेत आणले तर प्रार्थनेच्या वेष्टणातली ती चहाडीच ठरते. एवढ्या मोठ्या प्रार्थनेत देवाला उद्देशून असे आभाराचे एक वाक्य आहे, बाकी सगळे माणसांसाठी. ‘प्रभू’ हा शब्द मात्र पाच वेळा आला. आईशी बोलताना कोणी “आई, मला आई, पाणी दे, आई” असे म्हणत नाही. असे का होते तेही सरळ आहे: तोंड मनाच्या पुढे धावते, पुढचे वाक्य सुचेपर्यंतची जागा भरायला काहीतरी लागते, आणि सर्वांत पवित्र शब्दच भर घालायला वापरला जातो. यावर उपाय एकच, थांबणे. तीन-चार सेकंद काहीच बोलू नका. बोलणाऱ्याला ती शांतता फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला मुळीच नाही.

मराठीत आपण देवाला ‘तू’ म्हणतो, हे एक मोठे देणे आहे. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारा माणूसही देवाशी आणि आईशी ‘तू’ने बोलतो. गेथशेमाने बागेत येशूच्या तोंडी आलेला ‘अब्बा’ हा अरामी शब्द याच जवळिकीचा. मग ‘तू’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढचे प्रत्येक वाक्य मानपत्रासारखे सजवायचे, यात मेळ कुठे आहे? ‘तुझ्या चरणी आणतो’, ‘तुझ्या हाती सोपवतो’, ‘तुझा स्पर्श होऊ दे’ हे शब्द सुंदर आहेत. ते म्हणताना नक्की काय आणले, काय सोपवले हे म्हणणाऱ्याला सांगता येत असेल तर ते जरूर वापरा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेबद्दल दोन इशारे दिले आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या दुखण्यांसाठी आहेत. पहिला ढोंग्यांबद्दल: सभास्थानांत आणि चवाठ्यांवर उभे राहून, लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणारे. त्यांचा श्रोता चुकला आहे. दुसरा परराष्ट्रीयांबद्दल, म्हणजे यहूदी नसलेल्यांबद्दल: व्यर्थ बडबड करणारे. ते देवाशीच बोलतात, पण शब्द वाढवले की देव ऐकेल असा त्यांचा हिशेब असतो. त्यांची देवाविषयीची समजूत चुकली आहे. पहिल्या दुखण्यावर येशूने औषध सांगितले ते खोलीत जाऊन दार लावून घेण्याचे. मूळ ग्रीक शब्द घरातल्या आतल्या, कोठीच्या खोलीचा आहे. दुसऱ्यावरचे औषध म्हणून प्रभूची प्रार्थना दिली, जी सावकाश म्हटली तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात होते. तिच्यात आधी देवाचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा. मग भाकर, क्षमा आणि परीक्षेतून सुटका. आपण बहुधा भाकरीपासूनच सुरुवात करतो.

लांबी हाच दोष, असे मात्र आमचे म्हणणे नाही. बारा प्रेषित निवडण्याआधी येशू रात्रभर प्रार्थनेत होता, असे लूक लिहितो. गेथशेमानेत त्याने तीन वेळा तेच शब्द म्हटले, असे मत्तय नोंदवतो. तिथे शब्द परत येतात कारण प्रश्न अजून सुटलेला नाही, मन अजून त्याच प्याल्यापाशी, म्हणजे समोर ठाकलेल्या मरणयातनेपाशी, अडले आहे. बडबडीत शब्द परत येतात तेव्हा मन तिथे नसतेच. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने सुमारे ४१२ साली प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात हाच फरक केला होता: पुष्कळ बोलणे वेगळे आणि पुष्कळ वेळ टिकणारी ओढ वेगळी. सहाव्या शतकातला बेनेडिक्टचा मठवासीयांसाठीचा नियम तर स्पष्टच सांगतो की प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी आणि सर्वांनी मिळून करायची असेल तेव्हा ती आवर्जून थोडक्यात आटोपावी. एकांतात मोकळीक, सभेत आवर. आज आपल्याकडे बहुधा उलट चालते: सभेत वीस मिनिटे, घरी दोन.

मोठ्या आवाजाबद्दलही असेच. इब्री लोकांस पत्रात येशूने मोठ्या आक्रोशाने व अश्रूंनी प्रार्थना केल्याचे लिहिले आहे. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून ओरडत होते आणि देवाचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन वचनांत संपली. मूल व्हावे म्हणून मंदिरात रडून मागणाऱ्या हन्नाचा तर आवाजच निघाला नाही, फक्त ओठ हलत होते. आवाजावरून आत काय चालले आहे ते ओळखता येत नाही. अनुभवी याजक एलीलाही ते ओळखता आले नाही. हन्ना दारू पिऊन आली आहे असे तो समजला. सभा चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वर्षातून एकदा तरी स्वतःसाठी वाचावी. सभेत जी बाई काहीच बोलत नाही, डोळे पुसते आणि निघून जाते, तिच्याबद्दल तुमचा अंदाज काय असतो?

आता मागण्याकडे येऊ. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा भिकारी बार्तीमय ओरडतो, “माझ्यावर दया करा.” येशू त्याला बोलावून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्या माणसाला काय हवे हे दिसत होते, तरी येशूने त्याच्या तोंडून ते वदवून घेतले. ‘दया करा’वरून ‘मला दृष्टी यावी’वर येणे, यातच प्रार्थना नेमकी होते. आपल्या सभांत बहुतेक मागण्या ‘दया करा’पाशीच राहतात. ‘सर्व आजाऱ्यांना बरे कर, सर्व दुःखितांचे सांत्वन कर, सर्वांना आशीर्वाद दे.’ असे मागणे सोपे आहे, कारण त्यात धोका नाही. ते मिळाले की नाही हे कधीच कळणार नाही. नेमके मागितले की नकार मिळू शकतो, आणि नकाराची भीती आपल्याला मोघम बोलायला लावते. नामनिशीवार मागा. एकाच माणसासाठी, एकच गोष्ट: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याला झोप लागावी, दोन भावांनी येत्या आठवड्यात एकमेकांशी बोलावे. पुढच्या सभेत त्याबद्दल विचारा. उत्तर आले असेल तर आभार माना, नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून पुन्हा मागा.

उत्तर न येण्याबद्दल थोडे अधिक, कारण इथे लोकांना सर्वांत खोल जखमा होतात. आजारी माणूस बरा झाला नाही म्हणजे त्याचा विश्वास कमी पडला, असे कृपा करून कोणालाही सांगू नका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारे एक दुखणे, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले. गेथशेमानेतला प्यालाही टळला नाही. या दोघांचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? आणि औषध बंद करून फक्त प्रार्थनेवर राहा, असे तर कधीच सुचवू नका. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारींवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. ज्याच्या हातून रोगी बरे झाल्याचे प्रेषितांची कृत्ये सांगते, तोच हा पौल.

याकोब आपल्या पत्रात मात्र एक कारण उघड सांगतो: मागता पण मिळत नाही, कारण हेतू वाईट असतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना बजावले आहे की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. येशू म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे ज्याने त्याने स्वतःला लावून पाहायचे आहे. आजाऱ्याच्या बिछान्यापाशी दुसऱ्याला ऐकवायचे हे नाही.

पापांगीकाराच्या वेळी आपण एका वाक्यामागे लपतो: ‘कळत-नकळत झालेल्या पापांची क्षमा कर.’ नकळत झालेली पापे स्तोत्र १९ मध्येही आहेत, त्यामुळे वाक्य चुकीचे नाही. पण कळून केलेले पापही त्यात गुपचूप सरकवले जाते. स्तोत्र ३२ मधला माणूस गप्प राहिला तोवर त्याची हाडे जीर्ण झाली. बोलला तेव्हा सुटला. म्हणून सभेत पापांगीकारासाठी शांतता ठेवाल तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठेवा. आठ-दहा सेकंदांत लोकांचे खोकणे आणि सरकून बसणेही थांबत नाही. मनातले नेमके नाव, नेमका प्रसंग वर यायला त्याहून अधिक अवधी लागतो. आणि पाप एखाद्या माणसाचे देणे बुडवण्याचे असेल तर अंगीकार तिथे संपत नाही. येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करायचे ठरवले. येशूने सांगितलेल्या दाखल्यात एक जकातदार आणि एक परूशी, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठ, मंदिरात प्रार्थना करतात. त्यातल्या जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही ओळ मूळ ग्रीकमध्ये सहा शब्दांची आहे. परूशाची प्रार्थना तिच्या कितीतरी पट लांब आहे आणि तिच्यात मागणे एकही नाही.

विलापाला आपल्या सभांत जागाच उरलेली नाही, याची आम्हाला सर्वाधिक खंत आहे. दीडशे स्तोत्रांत रडणारी, भांडणारी, ‘कुठवर?’ विचारणारी स्तोत्रे कितीतरी आहेत. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ चार वेळा येते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी आशेचा एक शब्दही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि सभेत ज्याचे मूल गेले आहे त्याला पहिल्या मिनिटापासून आभार मानायला लावले जाते. तो ओठ हलवतो आणि घरी जाऊन प्रार्थना बंद करतो, कारण देवासमोर फक्त हसऱ्या तोंडाने जायचे असते असे आपणच त्याला शिकवले. महिन्यातून एकदा तरी स्तोत्र १३ सभेत वाचा. सहाच वचने आहेत. सावकाश वाचा, स्पष्टीकरण देऊ नका, नंतर दोन मिनिटे गप्प राहा. हन्नाने आपले मन परमेश्वरापुढे ओतले आणि उत्तर येण्याच्या कितीतरी आधी ती उठून जेवली, तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. ओतल्याशिवाय ते घडले नसते.

एकांतातली प्रार्थना लोकांना हाताला धरून शिकवावी लागते. ‘रोज प्रार्थना करा’ एवढे सांगणे पुरत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला पंधरा मिनिटे सांगा, तास सांगू नका. तास सांगितलात की तिसऱ्या दिवशी तो स्वतःला दोषी ठरवून सोडून देतो. जागा एकच ठेवावी, वेळही शक्यतो तीच. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून जवळ ठेवलेला फोनही मन ओढतो. पहिली दोन मिनिटे काही न बोलता बसावे. मग एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला आठ-दहा वचनांचा उतारा, शक्य तर पुटपुटत, कारण नुसते डोळ्यांनी वाचले की नजर पुढे जाते आणि मन मागे राहते. त्या वचनांतूनच बोलायला लागावे. मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या पेत्र नावाच्या न्हाव्यासाठी हीच रीत लिहून दिली होती: दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर वळायचे. हिच्यात मला काय शिकवले आहे, कशासाठी आभार मानू, काय कबूल करू, काय मागू. त्याच लिखाणात तो न्हाव्याला त्याच्याच धंद्यातला दाखला देतो: वस्तरा चालवताना लक्ष गप्पांत असेल तर गिऱ्हाइकाचे नाक नाहीतर गळा कापला जाईल.

लक्ष भरकटणारच. त्याबद्दल स्वतःला बोल लावण्यात आणखी पाच मिनिटे घालवणे हे दुसरे भरकटणे. शेजारी कागद ठेवावा. बिल भरायचे आठवले तर दोन शब्द लिहून मोकळे व्हावे. तेच तेच पुन्हा आठवत असेल, एखाद्याचा राग किंवा पैशाची काळजी, तर तो अडथळा समजू नये. आज खरे मागणे तेच आहे, त्याच्याबद्दलच बोलावे. झोप येत असेल तर उभे राहावे, चालावे, आवाज काढून बोलावे. शब्दच सुचत नसतील तर स्तोत्रातले उसने घ्यावेत, आणि तेही जमले नाही तर गप्प बसावे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असे लिहिले आहे ते अशाच वेळेसाठी.

दुसऱ्यांसाठी मागायच्या नावांची यादी वाढत जाते. चाळीस नावे रोज वाचली तर ती हजेरी होते. ती सात दिवसांत वाटून द्यावी, दिवसाला पाच-सहा. घरचे आणि संकटात असलेले तेवढे रोज. नावापुढे मागणे आणि तारीख लिहावी, शेजारी एक रकाना रिकामा सोडावा. पवित्र शास्त्रात मध्यस्थीसाठी ‘रदबदली’ हा शब्द आला आहे. रदबदली करणारा दुसऱ्याची बाजू जाणून घेऊन जातो. ज्याच्यासाठी मागायचे त्याला आठवड्यातून एकदा विचारावे, कसे आहे.

‘निरंतर प्रार्थना करा’ हे ऐकून पुष्कळ जण हताश होतात. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याकडे बघायला सांगा. यरुशलेम उद्ध्वस्त पडले आहे हे कळल्यावर तो किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, सुमारे चार महिने, उपास करून रडून प्रार्थना करत होता. मग राजाने विचारले, तुला काय हवे? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये त्याने देवाची प्रार्थना केली, असे एकच वाक्य आहे, शब्द दिलेले नाहीत. एका श्वासाची प्रार्थना असणार. आधीच्या चार महिन्यांमुळे ती ओठांवर आली.

शेवटी तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल. प्रवचनाची टिपणे तुम्ही काढता, प्रार्थनेचीही काढा. त्याने आत्म्याला अडवल्यासारखे होत नाही. अर्धा कागद पुरतो: कोणासाठी, कोणती नेमकी गोष्ट, कोणत्या वचनाच्या आधारे. तीन विषय, फार तर चार. सभेतली प्रार्थना पाच मिनिटांच्या आत. महिन्यातून एकदा स्वतःची प्रार्थना फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि घरी लिहून काढा. माणसांना ऐकवण्यासाठी आलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा, ‘प्रभू’ किती वेळा आले ते मोजा. अवघड वाटेल, पण तिसऱ्या महिन्यापर्यंत फरक दिसतो. ज्यांना प्रार्थना करायला सांगणार त्यांना आदल्या दिवशी कळवा, ऐन वेळी नाव पुकारू नका. मुलांना तुमच्या मागून म्हणायला लावता तेव्हा शेवटी त्यांचे स्वतःचे एक वाक्य म्हणू द्या, आणि ते सुधारू नका.

पौल करिंथकरांना विचारतो, तू काय बोललास हे ज्याला कळले नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणेल? आणि पुढे म्हणतो की मंडळीत दहा हजार न समजणाऱ्या शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणे मला बरे वाटते. तेव्हा येत्या सभेत कोणी पहिल्यांदाच तोंड उघडले आणि दोन वाक्ये बोलून अडखळून थांबले, तर “आणखी प्रार्थना करा” असे म्हणू नका आणि त्यांची प्रार्थना तुमच्या शब्दांत पुन्हा करू नका. मोठ्याने आमेन म्हणा आणि शेजारच्याची वाट बघा.

प्रभूमध्ये आपले,
मंडळीत प्रार्थना शिकवणारे आम्ही काही जण